वेगळी कपबशी

आपल्या मध्यमवर्गीय घरांतून एक वस्तू पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिली आहे. भांड्यांवर नावे घालताना तिच्यावर कुणी नाव घालीत नाही, पाहुण्यांपुढे तिचा उल्लेख होत नाही, आणि तरीही ती नेमकी कुठे असते हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असते. ही वस्तू म्हणजे वेगळी कपबशी. कान उडालेली, मोरीच्या कठड्यावर नाही तर मागल्या दाराच्या फळीवर पालथी घातलेली. पूर्वी ती जातीच्या नावाने वेगळी असे. पुढे जातीचे नाव उघड घेण्याची लाज वाटू लागली, तेव्हा ती स्वच्छतेच्या नावाने वेगळी राहिली. क्षयाच्या माणसाला ती मिळाली. कुष्ठाच्या माणसाला तर तिच्यासकट घराबाहेर जावे लागले. आणि गेल्या चाळीस वर्षांत तिला आणखी एक धनी लाभला आहे. तो म्हणजे एच.आय.व्ही.चा संसर्ग झालेला माणूस.

सणासुदीला, चकल्या-करंज्यांच्या दिवसांत असला विषय कशाला, असे काही वाचक म्हणतील. माझे म्हणणे असे, की वर्षातून याच चार दिवसांत आपण ताटे झाकून शेजारीपाजारी धाडतो, कोण आपला आणि कोण परका हे याच दिवसांत फराळाच्या ताटांवरून ठरते. तेव्हा या विषयाला याहून चांगला मुहूर्त मला तरी दिसत नाही.

विषय मनात घोळत राहिला तो कुंभवलीमुळे. बोईसर स्टेशनापासून थोड्या अंतरावर, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीला लागून हे गाव आहे. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला तोवर हे सारे ठाणे जिल्ह्यातच मोडत असे. एका अंगाला अजून भाताची खाचरे, दुसऱ्या अंगाला कापडाचे, रसायनांचे आणि औषधांचे कारखाने. गावात जुनी घरे आहेत तशा भाड्याच्या खोल्यांच्या रांगाही आहेत. उत्तर प्रदेश, बिहार, ओरिसा, शिवाय आपलाच खानदेश आणि मराठवाडा इथून आलेली माणसे एका खोलीत चार-चार, सहा-सहा मिळून राहतात. दिवसपाळीचे उठतात तेव्हा रातपाळीचे त्याच अंथरुणावर आडवे होतात.

गेल्या संक्रांतीनंतर तिथल्या बायकांनी मला हळदीकुंकवाला बोलावले होते. एक गोष्ट मला फार आवडली. निमंत्रण सरसकट सगळ्या बायकांना होते. सवाष्ण कोण आणि कोण नाही, ही चौकशी कुणी केली नव्हती. वाण म्हणून साबणाची वडी होती आणि कार्यक्रम होता आरोग्यविषयक प्रश्नोत्तरांचा. तोंडाने कुणी विचारणार नाही हे उघडच होते. म्हणून प्रत्येकीला कागदाचा तुकडा दिला, नाव न घालता प्रश्न लिहायला सांगितले आणि जिला लिहिता येत नव्हते तिचा प्रश्न शाळेत जाणाऱ्या मुलींनी लिहून घेतला. चिठ्ठ्या एका पातेल्यात गोळा झाल्या. मी समजले होते की गुडघेदुखी आणि रक्तदाब यांवरच वेळ जाईल. पण निम्म्याहून अधिक चिठ्ठ्या एकाच रोगावर होत्या आणि त्यांतल्या बऱ्याच जणींनी त्याचे नावही लिहिले नव्हते. “तो आजार” एवढेच.

त्या चिठ्ठ्यांतले काही प्रश्न इथे देते. कुंभवलीतल्या बायकांचे म्हणून देत नाही, तुमचे-आमचे म्हणून देते. कारण दादरच्या किंवा डेक्कनच्या दिवाणखान्यात हेच प्रश्न मी ऐकलेले आहेत. तिथे फक्त ते अधिक शुद्ध भाषेत विचारले जातात.

“डास चावून होतो का?” नाही. हिवतापाचा जंतू डासाच्या पोटात वाढतो, म्हणून हिवताप डासामुळे पसरतो. एच.आय.व्ही.चा विषाणू डासाच्या शरीरात जगत नाही आणि वाढतही नाही. शिवाय डास आपले रक्त ओढतो ते स्वतःच्या पोटात घालतो; दुसऱ्याला चावताना तो सोडतो ती आपली लाळ, मागल्या माणसाचे रक्त नव्हे.

“एकाच संडासात गेले तर? एकाच ताटात जेवले तर? कपडे एकत्र धुतले तर?” नाही, नाही आणि नाही. हा विषाणू शरीराबाहेर फार दुबळा आहे. तो चार वाटांनीच जातो : संरक्षणाशिवाय केलेला शरीरसंबंध, दूषित रक्त, एकाची सुई दुसऱ्याला टोचणे, आणि आईकडून मुलाला, म्हणजे गरोदरपणी, बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून. हस्तांदोलन, मिठी, खोकला, घाम, अश्रू, हौदाचे पाणी, लोकलमधली गर्दी यांपैकी कशानेही नाही. रक्तपेढीतल्या प्रत्येक बाटलीची या विषाणूसाठी तपासणी करणे आपल्या देशात १९८९ पासून सक्तीचे आहे. इंजेक्शन घेताना मात्र नवी सुई आपल्यासमोर फोडायला सांगण्यात संकोच करू नये, मग डॉक्टर कितीही ओळखीचा असो.

“एच.आय.व्ही. आणि एड्स एकच का?” नव्हे. एच.आय.व्ही. हे विषाणूचे नाव. तो रक्तातल्या ज्या पेशी रोगाशी लढतात त्यांनाच पोखरतो. उपचार न केल्यास पुष्कळ वर्षांनी, बहुधा आठ-दहा वर्षांनी, प्रतिकारशक्ती इतकी खालावते की क्षयासारखे रोग माणसाला घेरतात. त्या अवस्थेला एड्स म्हणतात. मधल्या वर्षांत माणूस धडधाकट दिसतो, कामावर जातो, लग्नही करतो. म्हणूनच चेहरा पाहून ओळखतो म्हणणाऱ्याचे ऐकू नये. रक्ताच्या तपासणीवाचून हे कुणालाही समजत नाही. संसर्ग झाल्यावर पहिले काही आठवडे तर तपासणीतही तो सापडेलच असे नाही. म्हणून शंका असल्यास तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करायला सांगतात.

“बाईला असेल तर तिने मूल होऊ द्यावे का?” होऊ देता येते. काहीच उपचार न केल्यास अशा आईच्या मुलाला संसर्ग होण्याचा संभव शंभरात पंधरा ते पंचेचाळीस इतका असतो. आईने गोळ्या नियमित घेतल्या आणि बाळालाही जन्मानंतर औषध दिले, तर तो शंभरात पाचाच्याही खाली येतो. पहिल्या महिन्यांतच नाव नोंदवून रक्त तपासून घ्यावे, असा आग्रह सरकारी दवाखान्यांत धरतात तो यासाठी.

इथवर सारे सोपे होते. मग दोन चिठ्ठ्या निघाल्या. त्यांच्या खाणाखुणा मी बदलून सांगते.

पहिली अशी : “माझा दीर रोजची गोळी घेतो. डबीवरचा कागद काढून टाकतो आणि गोळ्या शेंगदाण्याच्या डब्यात लपवतो. खोलीवर माणसे असली की घेत नाही. असे चालते का?”

चालत नाही, अजिबात चालत नाही. ही गोळी रोज आणि शक्यतो ठरल्या वेळी घ्यायची असते. वरचेवर चुकली तर विषाणू डोके वर काढतो, आणि इतकेच नव्हे तर त्या औषधाला दाद देईनासा होतो. पण त्या दिराला आपण काय सांगणार? नियम त्याला समुपदेशकाने दहा वेळा सांगितला असेल. त्याची गोळी चुकते ती अज्ञानामुळे नव्हे. खोलीतल्या पाच जणांना कळले तर अंथरूण बाहेर फेकतील, या भीतीमुळे चुकते. म्हणजे औषध त्याला सरकार देते आणि ते त्याच्या तोंडाशी अडवून धरतो तो शेजारी.

दुसरी चिठ्ठी लिहिणारी बाई कार्यक्रम संपल्यावर मागे थांबली. भाड्याने खोल्या देणारी, वयस्क, बोलायला स्वच्छ. म्हणाली, “ताई, माझ्या भाडेकऱ्याचं मला कळलं. मी काही त्याला काढलं नाही हो. भाडंही वाढवलं नाही. फक्त पाण्याचा तांब्या तेवढा वेगळा ठेवला. त्यानं तो पाहिला. काही बोलला नाही. आठ दिवसांनी हिशेब चुकता करून गेला. आता कुठे आहे, गोळ्या घेतो की नाही, काय सांगू?”

थोडा वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली, “डास चावून होत नाही हे मला आजच कळलं असं नाही. भिंतीवरच्या चित्रात वाचलं होतं. कळत होतं, पण हाताला वळत नव्हतं.”

मला वाटते, साऱ्या विषयाची गाठ या वाक्यात आहे. आरोग्याची माहिती म्हणजे परीक्षेत उत्तर देता येणे नव्हे. माहिती डोक्यातून हातात उतरली पाहिजे. ती बाई दुष्ट नव्हती. तिने त्याला बाहेर काढले नाही, कुणाला सांगितले नाही. एक तांब्या बाजूला ठेवला एवढेच. पण त्या तांब्याने जे सांगायचे ते सांगून टाकले आणि एक माणूस औषधाच्या वाटेवरून कदाचित कायमचा उतरला.

रोग लपवण्याची ही खोड आपल्या अंगात इतकी मुरली आहे की ती आपल्या शब्दांतही उतरली आहे. शरीरसंबंधातून होणाऱ्या विकारांना आपण नाव दिले ‘गुप्तरोग’. रोगाला नाव देतानाच तो लपवायचा, हे आपण ठरवून टाकले! या लपवालपवीविरुद्ध महाराष्ट्रात एका माणसाने उभा जन्म घालवला. महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. १९२७ च्या जुलैत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते चालवले. शरीराविषयी शुद्ध मराठीत, उघडपणे आणि शास्त्राला धरून लिहावे, एवढाच त्यांचा गुन्हा. त्याबद्दल त्यांच्यावर खटले झाले, दंड झाला. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. ज्या घरांतून ते मासिक उशीखाली दडवून वाचले जाई, त्याच घरांचे आपण वारस आहोत. आजही मुलाला बारावीनंतर परगावी धाडताना आपण त्याला लोणचे बांधून देतो, गादी देतो, पैसे कसे जपावेत ते सांगतो. शरीर कसे जपावे, निरोध कशासाठी असतो, हे सांगायची वेळ आली की आपला घसा बसतो.

भीती घालून रोग आटोक्यात येत नाही, हा धडाही आपल्याला नवा नाही. १८९६ साली मुंबईत आणि पुढे पुण्यात प्लेग आला, तेव्हा घराघरांत सोजीर घुसवून रोगी शोधले गेले. परिणाम काय झाला? लोकांनी रोगी माळ्यावर दडवले, मेलेल्यांची बातमीही लपवली. त्याच साथीत हडपसरजवळच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुल्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. एका बाजूला बंदूक घेतलेला शिपाई आणि दुसऱ्या बाजूला रोग्याला उचलून आणणारी बाई. यांपैकी कुणापुढे माणूस आपले दुखणे उघडे करील, हे सांगायला वैद्यकाची पदवी लागत नाही.

आणि तरी नव्वद वर्षांनी आपण तीच चूक पुन्हा केली. गोव्यातल्या डॉमिनिक डिसूझा या तरुणाने रक्तदान केले होते. त्याच्या रक्तात हा विषाणू आढळला. १९८९ च्या फेब्रुवारीत पोलिसांनी त्याला नेले आणि म्हापशाच्या एका जुन्या क्षयरुग्णालयात ६४ दिवस एकटे कोंडून ठेवले. गुन्हा कोणता? तर रक्तदान! त्याची आई ल्युसी हिने मुंबई उच्च न्यायालयाकडे दाद मागितली. अशा माणसांना वेगळे ठेवण्याचा कायदा त्या वेळी न्यायालयाने ग्राह्य धरला. डॉमिनिक गप्प मात्र बसला नाही. तो उघडपणे बोलत राहिला, आणि १९९२ साली तो वारला तरी त्याच्या धडपडीतून उभी राहिलेली ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था पुढे गोव्यात काम करीत राहिली.

ज्या न्यायालयात ल्युसीबाईंना यश आले नाही, त्याच मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ साली वेगळा निर्णय दिला. एका सार्वजनिक उद्योगात रोजंदारीवर असलेल्या कामगाराला, रक्तात एच.आय.व्ही. आढळला म्हणून, काम नाकारण्यात आले होते. न्यायालयाने सांगितले, की जो काम करण्यास समर्थ आहे आणि ज्याच्यापासून कामावरच्या इतरांना धोका नाही, त्याला एवढ्या कारणावरून नोकरीतून वगळता येणार नाही. त्या कामगाराचे नाव निकालात नाही. नुसती अक्षरे आहेत. नाव उघड न करता दाद मागण्याची मुभा न्यायालयाने त्याला दिली. आठ वर्षांत न्यायालयही शिकते. मग आपल्या स्वयंपाकघराने शिकायला किती वर्षे घ्यावीत?

या रोगाचा आपल्या देशातला शोधही एका मराठी घरातल्या मुलीच्या नावावर आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. मद्रासमध्ये चामड्याचा व्यापार करणाऱ्या गायतोंडे कुटुंबातली सुनीती लग्नानंतर डॉ. सुनीती सॉलोमन झाली. १९८६ साली त्या मद्रास मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. हा विलायती रोग आहे, आपल्याकडे तो कसला येतो, असे तेव्हा भले भले म्हणत. सुनीतीबाई आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले. वेल्लोरच्या रुग्णालयात ते तपासले, आणि सहा नमुन्यांत विषाणू सापडला. देशातली ही पहिली नोंद.

पण मला सुनीतीबाई मोठ्या वाटतात त्या पुढच्या कामामुळे. ज्या रोग्याला हात लावायला डॉक्टर कचरत, त्याला तपासायला त्या बसल्या. १९९३ साली त्यांनी वडिलांच्या नावाने वाय. आर. गायतोंडे केंद्र काढले. आणि पुढे त्यांनी आणखी एक गोष्ट केली, जी केवळ आपल्याकडच्या बाईलाच सुचावी : त्या या रोग्यांची लग्ने जुळवू लागल्या! पोरगी कुठली, शिक्षण काय, स्वभाव कसा, जेवणखाण काय, हे सारे नेहमीसारखे पाहायचे. त्यात रक्ताचा अहवाल आणि औषधे नीट चालू आहेत की नाही एवढी भर. ज्याला समाजाने मेलेल्यांत धरले होते त्याच्यासाठी त्यांनी स्थळ पाहिले. २०१५ साली त्या वारल्या आणि २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

त्यांच्या या धाडसाला पुढे औषधांनी साथ दिली. १९९६ च्या सुमारास तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत निघाली आणि मरणाच्या दारातली माणसे उठून कामाला लागली. पण औषधाचा वर्षाचा खर्च दहा ते पंधरा हजार डॉलर! २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीच तीन औषधे दिवसाला एक डॉलरहून कमी खर्चात देण्याची तयारी दाखवली आणि जगभर खळबळ उडाली. आपल्या देशात १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांतून हे उपचार फुकट मिळू लागले. महाराष्ट्र पहिल्या राज्यांत होता. २०१७ पासून, संसर्ग आढळला की प्रकृती ढासळण्याची वाट न पाहता लगेच औषध सुरू करतात. आज बहुतेकांना दिवसाला एकच गोळी पुरते.

आता यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगते, जी कुंभवलीच्या त्या सभेत एकीलाही ठाऊक नव्हती आणि पुण्या-मुंबईच्या पदवीधर मंडळींपैकीही थोड्यांनाच असते. गोळ्या नियमित घेतल्या की काही महिन्यांत रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तपासणीत मोजता येत नाही. तो तसा राहिला तर शरीरसंबंधातूनही जोडीदाराला संसर्ग होत नाही. विषाणू शरीरातून समूळ जात नाही, म्हणून गोळी जन्मभर घ्यायची. पण जो माणूस गोळी घेतो आणि ज्याची तपासणी नीट आहे, तो आपले रक्षण करतो आणि तुमचेही. वास्तविक धोका आहे तो ज्याला अजून ठाऊक नाही किंवा जो भीतीने लपला आहे त्याच्यापासून. वेगळा तांब्या ठेवून आपण पहिल्या माणसाला दुसऱ्याच्या रांगेत ढकलतो. हा व्यवहार नुसता निर्दय नाही, मूर्खपणाचाही आहे.

२०२१ च्या सरकारी अंदाजानुसार देशात असे सुमारे २४ लक्ष लोक होते, आणि सर्वांत जास्त, चार लक्षांच्या जवळपास, आपल्या महाराष्ट्रात. २०१० च्या मानाने नवे संसर्ग जवळजवळ निम्म्यावर आले, हे खरे समाधान. पण चार लक्ष म्हणजे किती? हे लोक सगळे कुंभवलीच्या खोल्यांत राहत नाहीत. “बाहेरून आलेले कामगार रोग आणतात, हमरस्त्यावरचे ट्रकवाले आणतात,” असे म्हणणे सोयीचे पडते. म्हणणाऱ्याचा उंबरठा तेवढा सोवळा राहतो. पण नवऱ्यावाचून दुसरा पुरुष न पाहिलेल्या किती तरी बायकांना हा संसर्ग लग्नाच्या घरातच झाला. आणि नवरा गेल्यावर सासरच्यांनी त्यांनाच पांढऱ्या पायाची म्हणून बाहेर काढले.

अशा बाईच्या पाठीशी आज कायदा आहे. एच.आय.व्ही. व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. नोकरी, शाळा, दवाखाना, भाड्याची जागा, विमा यांत या कारणावरून भेदभाव करता येत नाही. संमतीवाचून तपासणी करता येत नाही. कुणाचा अहवाल त्याच्या परवानगीवाचून दुसऱ्याला सांगता येत नाही. राहत्या घरातून हुसकावता येत नाही. अशा लोकांविरुद्ध द्वेष पसरवणाऱ्याला तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे वाचणाऱ्यांत कुणी कारखान्यात अधिकारी असतील, कुणी सोसायटीचे चिटणीस, कुणी शिक्षिका, कुणी घरमालक. कायदा त्यांच्यासाठी आहे.

पण कायदा तांब्यापर्यंत पोचत नाही. कुठल्या शिपायाने येऊन आपल्या फळीवरची कपबशी मोजावी? ते काम घरच्या माणसांचे.

म्हणून तीन साध्या गोष्टी सुचवून थांबते. एक : घरातल्या वाढत्या मुलामुलींशी या विषयावर या सुट्टीतच बोला, फटाक्याने भाजू नये म्हणून जितक्या सहज बजावता तितक्याच सहज. दोन : स्वतःबद्दल वा जोडीदाराबद्दल शंका असेल तर सरकारी रुग्णालयातल्या समुपदेशन केंद्रात जा. तपासणी फुकट होते आणि गुप्त राहते. इथे मात्र ‘गुप्त’ हा शब्द योग्य जागी आहे. जायला संकोच वाटला तर १०९७ या क्रमांकावर फुकट दूरध्वनी करून विचारता येते. आणि सुईसारखा अपघात झाला, जबरदस्ती झाली, तर ७२ तासांच्या आत दवाखाना गाठा; संसर्ग टाळणारे औषध तेवढ्या अवधीतच सुरू करावे लागते. तीन : कुणी विश्वासाने आपले दुखणे सांगितलेच, तर ‘कसे झाले?’ हा प्रश्न गिळून टाका. त्या जागी ‘गोळी वेळेवर घेतोस ना?’ हा विचारा. पहिल्या प्रश्नाने फक्त आपले कुतूहल शमते. दुसऱ्याने माणूस जगतो.

कुंभवलीच्या त्या घरमालकिणीचा परवा निरोप आला. तो भाडेकरू परत आलेला नाही. त्याच्या खोलीत आता दुसरी मंडळी राहतात, आणि त्यांच्यापैकी कुणाला काय आहे याची चौकशी तिने केलेली नाही. तांबे मात्र सगळे एकाच मांडणीवर ठेवले आहेत, असे तिने मुद्दाम कळवले आहे.